वरच्या खोलीतला स्वयंपाक

जळका वास जिन्यावरून खाली आला तेव्हा मी अंगणात बसून चष्मा पुसत होतो. माझी बायको प्रयाग आतून म्हणाली, "तुमचा भाडेकरू आज घर पेटवतो बघा." मी वर गेलो. दार उघडंच होतं. खोलीत धूर, आणि धुराच्या मधोमध नागनाथ उकिडवा बसलेला. समोर छोट्या सिलिंडरवरची एकच शेगडी आणि तिच्यावर काळंठिक्कर पडलेलं पातेलं. त्यात तुरीची डाळ होती, हे त्यानं सांगितलं म्हणून कळलं.

मी आधी शेगडी बंद केली, मग खिडकी उघडली. त्याचे डोळे लाल झाले होते. धुरानं झाले होते की आणखी कशानं, ते मी विचारलं नाही.

"गुरुजी, आईला नका सांगू," तो म्हणाला.

नागनाथ बोइनवाड बारावीला होता. गाव देगलूरकडचं. लातूरला क्लाससाठी येणारी हजारो मुलं असतात, त्यांतलाच एक. आमच्या माडीवरच्या खोलीत एकटा राहायचा आणि दोन्ही वेळा खानावळीत जेवायचा. दिवाळीच्या सुमारास त्याला कावीळ झाली. खानावळीतल्या अन्नानं झाली, क्लासबाहेरच्या गाड्यावरच्या पाण्यानं झाली, कोण सांगणार. गावाकडे जाऊन, पथ्य करून तो परत आला तो अर्धा होऊन. डॉक्टरांनी सांगितलं होतं की परीक्षा होईपर्यंत बाहेरचं काही पोटात जायला नको. घरचं, साधं, ताजं खायचं.

आमच्या गल्लीत या दुखण्यावरचा उपाय ठरलेला होता. आई येते. तुम्ही दुपारी आमच्या गल्लीतून चाललात तर घरटी एक अशी आई दिसेल. गाव, नवरा, सासूसासरे, म्हैस सगळं मागं ठेवून ती एका खोलीत येऊन राहते आणि पोराच्या क्लासच्या वेळा सांभाळून दोन वर्षं भाकरी थापते. शनिवारी नवरा ज्वारीचं पोतं खांद्यावर घेऊन येतो, रविवारी रिकाम्या हातानं परत जातो. त्यात काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्या बायकांच्या हातचं खाऊन कितीतरी पोरं मार्गाला लागली.

पण नागनाथच्या आईची गोष्ट वेगळी होती. अनुसयाबाई गावच्या अंगणवाडीत होत्या. कितीतरी वर्षं मदतनीस म्हणून झाडलोट केली, पाणी भरलं, पोरांना खाऊ वाटला, आणि आत्ता कुठं वर्षभरापूर्वी त्यांना सेविका म्हणून घेतलं होतं. आता पोरांना गोष्टी सांगायच्या, गाणी शिकवायची, वजनं घ्यायची ती त्यांनीच. नागनाथच्या क्लासची फी त्यांच्याच मानधनातून जायची. वडील शिवणकाम करायचे, त्यावर घर चालायचं. परीक्षेपर्यंत एवढी लांब रजा मिळण्यासारखी नव्हती. अंगणवाड्या तपासायला येणाऱ्या वरच्या बाईंनी स्पष्ट विचारलं होतं की राहताय की सोडताय ते कळवा, दुसऱ्या बाया वाट बघत आहेत. आणि अनुसयाबाईंनी सोडायचं ठरवलं होतं. धाकट्या मुलीला गावच्या शाळेतून काढून सोबत आणायची, म्हणजे आमची माडी पुरणार नाही. म्हणून मागच्या गल्लीतली मोठी खोली बघायला त्या पुढच्या महिन्यात एका रविवारी येणार होत्या. खोलीच्या मालकाशी मीच बोलून ठेवलं होतं.

"तिला नोकरी सोडायची नाही, गुरुजी," नागनाथ पातेल्याकडे बघत म्हणाला. "ती तसं म्हणत नाही. पण अंगणवाडीला निघताना ती आरशात दोनदा बघती. आधी कधीच बघत नव्हती."

मग तो म्हणाला, मला शिकवा.

मी चाळीस वर्षं पहिलीला शिकवलं. पोरांनी मला बरंच काही शिकवायला सांगितलं आहे, पतंग बांधण्यापासून शिट्टी वाजवण्यापर्यंत, पण स्वयंपाक कुणी नव्हता मागितला. मला तो येत होता, हे मात्र खरं. पहिली नेमणूक एका तांड्यावर झाली होती, लग्न व्हायचं होतं, आणि शाळेत मी एकटाच. हात भाजत, मीठ विसरत दोन वर्षं तिथं काढली. खाली येऊन मी प्रयागला सांगितलं की पोराला स्वयंपाक शिकवायचा आहे. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही शिकवणार? पोरगं पास व्हायच्या आधी म्हातारं होईल."

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मी सावकाश शिकवतो. पहिल्या दिवशी मी त्याला शेगडी पेटवूच दिली नाही. तांदूळ आणि मुगाची डाळ वाटीनं मोजायची, तीन पाण्यांनी धुवायची, बुडेल एवढ्या पाण्यात ठेवायची आणि क्लासला निघून जायचं. एवढाच धडा. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असावं, गुरुजींना विषय कळलेला नाही. दुपारी तो परत आला तेव्हा मी त्याला डाळीचा दाणा नखानं दाबून बघायला सांगितला. दाणा सहज तुटला. अर्धं काम तू वर्गात बसलेला असताना पाण्यानं केलं, असं मी सांगितलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा उजेड पडला.

पुढचे बरेच दिवस फक्त खिचडी. एकच कुकर, एकच शेगडी, एकच भांडं घासायला. मात्र रोज तिच्यात वेगळं काहीतरी. एक दिवस पालक, एक दिवस गाजर, कधी दुधी, कधी मेथी, बाजार उतरताना जे स्वस्त मिळेल ते. मी त्याला सांगितलं होतं की खिचडी हा पदार्थ आहे असं समजू नकोस, ती पाटी आहे. प्रयागला हे ऐकू गेलं. संध्याकाळी तिनं विचारलं, आज पाटीवर काय लिहिलं, कारलं का?

ती चेष्टा करायची, पण तिचा डोळा त्याच्यावर असायचा. माझ्या शिकवण्यात एक गोष्ट राहून जात होती, ती तिनं भरून काढली. नागनाथ फोडणीवर वाकून बघत बसायचा आणि तरी जिरं जाळायचा. ती एकदा वर आली, त्याला पाठ फिरवून उभं केलं आणि म्हणाली की आता वास बदलला की सांग. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर सांगितलं. त्यानंतर त्याचं जिरं कधी जळलं नाही.

हळूहळू मी धडे वाढवले. मटकी सकाळी भिजवायची, रात्री फडक्यात बांधायची, मोड यायला तिला तिच्या वेळेवर सोडून द्यायचं. शेंगदाणे रविवारी एकदाच भाजून कूट करून ठेवायचं, म्हणजे आठवडाभर कशातही घालता येतं आणि अंगाला लागतं. रवा कोरडा भाजून बरणीत ठेवला की सकाळी उकळत्या पाण्यात टाकायचा, आंघोळ होईतो उपमा तयार. दही घरी लावायचं. तो ढवळता ढवळता रसायनशास्त्राची समीकरणं पुटपुटायचा. मी त्याला थांबवलं नाही. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ऐकायला बरं वाटायचं.

भाकरी मात्र मी शिकवली नाही. तिच्यावरून आमचा वाद झाला. आमच्या भागात भाकरी नसेल तर माणूस जेवलो असं म्हणत नाही, आणि आई आली की पहिलं तेच विचारणार, भाकरी कोण करतं, असं त्याचं म्हणणं. मी म्हणालो, तुझ्याकडे वेळ किती आणि भाकरी मागते किती. गल्लीच्या टोकाला एक बाई गरम भाकऱ्या थापून विकते, तिच्याकडून घे. त्याला ते कमीपणाचं वाटत होतं. त्यानं गुपचूप दोन संध्याकाळी पीठ मळून बघितलं. तिसऱ्या दिवशी क्लासच्या चाचणीत मार्क घसरले, आणि तो स्वतःच भाकरीवाल्या बाईकडे गेला.

चुका होतच होत्या. एकदा हळद दोनदा पडली आणि खिचडी झेंडूसारखी झाली. एकदा कुकरची रिंगच बसवायची राहिली आणि भिंतीवर डाळ उडाली. ती त्यानं पुसली, पण छताजवळचे ठिपके राहिले ते राहिलेच. तरी त्याच्या गालावर मांस चढायला लागलं होतं. जिना चढताना तो पूर्वी मध्ये थांबायचा, आता थांबत नव्हता. अनुसयाबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. फोनवर तो फक्त जेवतोय, बरा आहे, एवढंच सांगायचा. त्याला त्या आल्यावर ताट समोर ठेवायचं होतं.

रविवार उजाडला. तो अंधारातच उठला होता. मी सांगितलं होतं की रोजचीच खिचडी कर, रोज करतोस ती चुकणार नाही. पण त्याला तेवढ्यावर थांबवेना. पालकाची खिचडी, मटकीची उसळ, कांदा घातलेली दह्याची कोशिंबीर, असं सगळं करून, झाकून, तो क्लासची रविवारची चाचणी द्यायला गेला आणि तिथून परस्पर स्टँडवर आईला आणायला.

अनुसयाबाई किरकोळ बांध्याच्या, पण चालणं ताठ. कडक इस्त्रीचं लुगडं, हातात नायलॉनची पिशवी, पिशवीत फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि ठेच्याची बाटली. आल्या तशा त्या नागनाथकडे बघत होत्या. पायऱ्या चढताना त्याच्या मागून चालत त्या त्याची पाठ बघत होत्या. वर आल्यावर त्यांनी पाय धुतले, आम्हा दोघांची विचारपूस केली, आणि मग खोली पाहिली. शेगडीवरून हात फिरवला. फळीवरचे डबे एकेक उघडून झाकले. एका डब्यात कूट होतं, ते बोटावर घेऊन बघितलं. मग मला म्हणाल्या की खोलीवाल्यांना दुपारची वेळ सांगितलीय ना, परतीची गाडी त्यानंतरची आहे.

मी हो म्हणालो.

नागनाथनं सतरंजी अंथरली. आम्हा दोघांनाही बसवलं. आईचं ताट सगळ्यात आधी वाढलं. खिचडीवर तूप सोडलं, बाजूला उसळ, कोशिंबीर, लिंबाची फोड. ताट तिच्यासमोर ठेवलं आणि तो उभा राहिला.

अनुसयाबाईंनी ताटाकडे बघितलं आणि ते हळूच पुढं सरकवलं.

"तू बस. मला नको."

"कामून?"

"एकादस हाय की रे आज."

प्रयागनं कपाळावर हात मारला. साखरेच्या गोळ्या सुरू झाल्यापासून डॉक्टरांनी तिचे उपास बंद केले होते, आणि तेव्हापासून आमच्या घरात कॅलेंडरवर फक्त गॅसची तारीख बघायचो. आई दोन्ही एकादश्या धरते हे नागनाथला जन्मापासून माहीत होतं. ताटात काय वाढायचं याचा विचार त्यानं महिनाभर केला होता, पण त्या दिवशी ती जेवणार की नाही हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं. रविवार ठरवला तो अंगणवाडीला सुट्टी म्हणून.

नागनाथ तसाच उभा. त्याच्या हातात वाढायचा चमचा होता, तो खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

अनुसयाबाई वाकून उसळीचा वास घेत होत्या. म्हणाल्या, वास झकास आलाय. मग प्रयागकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "फोडणी अक्कांच्या हातची दिसती."

प्रयाग म्हणाली की देवाशपथ, मी हातही लावलेला नाही. नागनाथ म्हणाला, आई, सगळं मी केलंय.

"बरं बाबा, तूच केलंस," त्या म्हणाल्या.

तो सूर मला चांगला ओळखीचा होता. पहिलीतलं पोरगं मोर काढून आणतं, मोराचं एकेक पीस रेखीव, आणि रंगवताना बापाचा हात कुठं फिरलाय ते सगळं दिसत असतं. तेव्हा मी त्याच सुरात म्हणायचो, वा, छान काढलास. अनुसयाबाईंना वाटत होतं की दोन म्हाताऱ्यांनी मिळून पोराची बाजू सावरली आहे. त्यांचा राग नव्हता. उलट त्या आमच्यावर खूश होत्या. पण खूश होऊन त्या दुपारी खोली बघायला जाणार होत्या, आणि सोमवारी नोकरी सोडते म्हणून कळवणार होत्या. पोटात घास न जाता त्यांना पटवायचं कसं, ते मला कळत नव्हतं.

प्रयाग उठायला लागली. म्हणाली, उपाशी कशाला राहता, मी खाली जाऊन पटकन भगर टाकते.

"काकू, तुम्ही बसा," नागनाथ म्हणाला. "भगर कुठल्या डब्यात हाय?"

प्रयागनं त्याच्याकडे बघितलं. "खालच्या फळीवर. निळ्या झाकणाचा."

तो धावत खाली गेला. मी त्याला भगर शिकवली नव्हती. आमच्या घरी उपास नव्हते, तेव्हा तो विषयच कधी निघाला नव्हता. भगरीला पाणी किती लागतं, ती किती लवकर लगदा होते, हे सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रयागनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

तो डबा घेऊन वर आला. आधी त्यानं मोकळं पातेलं घेतलं आणि घासलं. ते घासलेलंच होतं, सकाळी त्यात उसळ झाली होती. तरी त्यानं ते पुन्हा घासलं. मग पळी घासली, झाकण घासलं, चाकू आणि पाटही कांद्याचे म्हणून धुतले. शेवटी स्वतःचे हात कोपरापर्यंत धुतले. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अनुसयाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या सरळ बसल्या.

"हळद चालती का, आई?"

"नाही."

"मोहरी?"

"नाही."

"जिरं?"

"चालतं."

"मिरची?"

"हिरवी चालती." त्या एवढंच सांगत होत्या. विचारलेल्याचं उत्तर, पुढं एक शब्द नाही. मला वाटतं त्यांच्याही गुडघ्यावर कुणीतरी हात ठेवायची गरज होती.

त्यानं भगर निवडली, धुतली आणि नखानं एक दाणा दाबून बघितला. बारीक दाणा, म्हणून कुकर बाजूला ठेवला. पातेल्यात थोडं तूप टाकून जिरं घातलं आणि मान वळवून खिडकीकडे बघत राहिला. वास बदलल्यावर भगर टाकून परतली. दुसऱ्या भांड्यात पाणी उकळायला हवं होतं, पण शेगडी एकच. तेव्हा त्यानं पातेलं उतरवलं, पाणी उकळून घेतलं आणि पातेलं पुन्हा चढवलं. पाणी एकदम ओतलं नाही. थोडं घातलं, वाट बघितली, थोडं घातलं. आच मात्र जरा मोठी राहिली. मला ती दिसत होती. गुडघ्यावरचा हात जड झाला.

भगर शिजत असताना त्यानं कूट वाटीत घेतलं, गार पाण्यात कालवलं, आणि गुठळ्या बोटांनी मोडून पातळ करून ठेवलं. भगर उतरल्यावर तूप-जिरं, मिरचीचे तुकडे, त्यावर ते कालवण. ढवळत राहिला. आमटीला उकळी आली तेव्हा सगळ्या खोलीत शेंगदाण्याचा वास भरला. या वेळी त्यानं एकही समीकरण म्हटलं नाही.

स्वच्छ ताटात भगर, वाटीत आमटी. ताट समोर ठेवून तो यावेळी उभा राहिला नाही, शेजारी बसला.

अनुसयाबाईंनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग वाटी उचलून आमटीचा घोट घेतला. आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत होतो, ते त्यांना अवघड वाटत असणार, पण त्या खाली मान घालून खात राहिल्या.

"तळाला जरा लागलीय," त्या म्हणाल्या.

"हाव."

"आच मोठी होती आधी."

"हाव. दिसली मला, पण उशिरा."

त्यांनी रिकामी वाटी पुढं केली. त्यानं आणखी आमटी वाढली. ती संपवून त्यांनी बोट वाटीच्या कडेनं फिरवलं आणि प्रयागला म्हणाल्या, "एकादशीला मी चहावर असते, अक्का. घरच्यांच्या भाकऱ्या थापून झाल्यावर आपल्या एकटीपुरती चूल कोण अडवून धरतं. आता सवय हाय." हे त्यांनी हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं.  नागनाथ ताटाकडे बघत होता.

मग त्यांनी त्याला जेवायला बसवलं. त्यानं खिचडी दोनदा वाढून घेतली, भाकरीवाल्या बाईची भाकरी उसळीत कुस्करली. ती भाकरी कुठली हे त्यांनी विचारलं, त्यानं खरं ते सांगितलं. त्यांनी एक तुकडा मोडून वाकवून बघितला आणि म्हणाल्या, थापती बरी. त्याचं जेवण होईपर्यंत त्या बघत राहिल्या. हात धुऊन आल्यावर त्याला उजेडाकडे वळवलं आणि अंगठ्यानं डोळ्याखालची कातडी ओढून डोळ्यातला पांढरा भाग नीट पाहिला. एक डोळा, मग दुसरा. परीक्षेच्या दिवसांत काय करशील, विचारलं. तो म्हणाला, उपमा, रवा भाजलेला असतो. आजारी पडलास तर? तो म्हणाला, मुगाचं पाणी, आणि खाली काकू आहेत. बरं, म्हणाल्या.

उन्हं कलायला लागली होती. खोलीचा मालक दुपारपासून घरी थांबलेला होता. मी घसा साफ केला आणि म्हणालो, खोली बघायला निघायचं का, नाहीतर तुमची गाडी चुकेल.

अनुसयाबाई पिशवी आवरत होत्या. भाकऱ्या आणि ठेचा त्यांनी फळीवर ठेवला होता, आता पिशवी रिकामी घडी करत होत्या.

"कशाला, गुरुजी. नाही म्हणून सांगा त्यांना. दुसरं कुणी भाडेकरी बघतील."

 मग त्या हसल्या.

"शिकवलेलं तर माझी अंगणवाडीतली पोरंबी म्हणून दाखवतात. वरच्या बाई यायच्या असल्या की मी आठ दिवस एकच गाणं घोकून घेते. बाई खूश होऊन जातात. मला वाटलं, तसलंच काहीतरी हाय." त्यांनी घडी केलेली पिशवी काखेत धरली. "भगर तुम्ही शिकवली नव्हती ना त्याला?"

"नाही," मी म्हणालो.

"मग झालं."

नागनाथ पातेलं घेऊन बाहेर गच्चीवरच्या नळाला गेला. बराच वेळ नळ चालू होता. एवढंसं पातेलं घासायला इतका वेळ लागत नाही, पण प्रयागनंही त्याला हाक मारली नाही.

नागनाथला त्या वर्षी डॉक्टरीला प्रवेश मिळाला नाही. तो जनावरांचा डॉक्टर झाला. आता देगलूरच्या बाजूलाच असतो, गावोगाव मोटारसायकलवर फिरतो, आणि बायको माहेरी गेली तर उपाशी राहत नाही असं स्वतःच सांगतो. त्याची बहीण गावच्या शाळेतून शिकून पुढं गेली. अनुसयाबाई पूर्ण नोकरी करून गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला आम्हा दोघांना बोलावलं होतं. त्यांनी गावच्या तीन पिढ्यांना अक्षरं ओळखायला शिकवली, असं तिथं कुणीतरी म्हणालं. तीन पिढ्या जरा जास्त झाल्या, पण मीही टाळ्या वाजवल्या.

त्या एकादशीच्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. देगलूरची गाडी लागलेली होती. खिडकीची जागा मिळाली. नागनाथ खाली उभा होता, त्या वरून त्याला नेहमीच्या सूचना देत होत्या: पाणी उकळून पी, जागरण करू नकोस, गुरुजींना त्रास देऊ नकोस. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तशा त्या एकदम खिडकीतून बाहेर वाकल्या.

"अरे, त्या आमटीत गुठळी कशी झाली नाही? माझ्या हमेशा होतात."

तो गाडीबरोबर चालायला लागला. "आधी गार पाण्यात कालवायचं, आई. मग फोडणीत."

"गार पाण्यात?"

"गारच. गरम घेऊ नको."

गाडी फाटकाकडे वळली. त्यांच्या शेजारी एक बाई बसली होती, तिला त्या काहीतरी सांगत होत्या, आणि डाव्या तळहाताची वाटी करून तिच्यात उजव्या हाताची बोटं गोल गोल फिरवून दाखवत होत्या.